तळटीप : कॉपाफील

कॉपाफील : स्तनकर्करोगाबाबत तरुणींना सावध करणारी ब्रिटिश संस्था. क्रिस हॅलेंगा (निधन २०२४) यांच्या गाठीचं खापर आधी हार्मोन्सवर फोडलं गेलं. २००९मध्ये, अवघ्या २३व्या वर्षी, रोग चौथ्या टप्प्यावर असल्याचं कळलं. त्याच वर्षी त्यांनी जुळी बहीण मॅरेन यांच्यासह संस्था काढली. परक्या अंगाशी लगट करण्याचा ‘कॉप अ फील’ हा चावट इंग्रजी वाक्प्रचार त्यांनी संस्थेच्या नावातून स्वतःची छाती स्वतः तपासण्याकडे वळवला. निधीसाठीचा संगीत महोत्सव ‘फेस्टिफील’ त्याच चालीवरचा. अशा नावांत बाईपेक्षा अवयव मोठा होतो, हा शस्त्रक्रियेत स्तन गमावलेल्या काहीजणींचा आक्षेप रास्त आहे. मात्र इथे थट्टा खुद्द रुग्णाने, पोटतिडकीने केलेली आहे. म्हणून मूळ नाव सौम्य न करता तसंच ठेवलं. — संपा.