हुंडी
एका गावच्या सावकाराने दुसऱ्या गावच्या पेढीवर, अमुक रक्कम अमुकास द्यावी म्हणून काढलेली चिठ्ठी, संस्कृत ‘हुंडिका’. दाखवताच पैसे मिळतात ती दर्शनी, ठरल्या मुदतीने मिळतात ती मुदती. जोखमी हुंडीचे पैसे मात्र माल सुखरूप पोहोचला तरच चुकते होत, म्हणजे ती जवळजवळ विमाच. रकमेत खाडाखोड होऊ नये म्हणून निम्मी रक्कमही लिहीत: शंभराला ‘निमे पन्नास’. हुंडी गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत देत ती पैठ, तीही हरवली तर तिसरी प्रत ती परपैठ. १८८१ च्या परक्राम्य संलेख अधिनियमाने देशी भाषांतील अशा लेखांच्या स्थानिक रूढी कायम ठेवल्या. हुंडीवरील वटाव तो हुंडणावळ. पुढे हाच शब्द मराठीत परकीय चलनाच्या विनिमयालाही लागला.