कळण्याची अट

वसईहून नोकरीनिमित्त दिल्लीजवळ येऊन राहिलेले एक कुटुंब माझ्या ओळखीचे आहे. त्यांच्या धाकट्या मुलीला डाऊन सिंड्रोम आहे. ती नऊ वर्षांची झाली, तेव्हा तिच्या बरोबरीच्या मुलांचा ‘प्रथम ख्रिस्तप्रसाद’ ठरला. घरोघरी पांढरे झगे शिवायला पडले. हिच्या आईने चौकशी केली, तेव्हा तिथल्या धर्मगुरूंनी अगदी मायेने सांगितले, “घाई कशाला करता? तिला पाप-पुण्य कळत नाही, म्हणजे ती देवाचीच लेक. तिला या संस्काराची गरजच नाही.” त्या रविवारी ती आईबरोबर रांगेतून वेदीपर्यंत गेली, इतरांसारखे हात पुढे केले. धर्मगुरूंनी तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद दिला. बाकावर परतल्यावर तिने रिकामे तळवे वडिलांना दाखवले.

“तिला कळत नाही म्हणाले,” वडील मला सांगत होते. “आपल्याला दिलं नाही, एवढं कळलं की.”

धर्मगुरूंचा युक्तिवाद त्यांच्या पदरचा नव्हता, तो निदान आठशे वर्षांचा आहे. कॅथलिक नसलेल्या वाचकासाठी थोडे सांगायला हवे. मिस्सात अर्पण होणारी भाकर म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्ताचे शरीर, अशी कॅथलिकांची श्रद्धा आहे. ती भाकर घेणे हा त्या समाजाचा पूर्ण सभासद असण्याचा सगळ्यांत ठळक, डोळ्यांना दिसणारा पुरावा. मिस्साला कोणीही बसू शकतो; रांगेतून पुढे जाऊन ख्रिस्तप्रसाद कोणी घ्यायचा, हा मात्र अधिकाराचा प्रश्न. आपल्याकडे ‘अधिकार’ हा शब्द ज्ञानमार्गाच्या चर्चेत ज्या अर्थाने येतो, जवळजवळ त्याच अर्थाने. आणि पाश्चात्त्य चर्चने हा अधिकार कित्येक शतके कळण्याशी बांधून ठेवला.

सुरुवातीपासून मात्र तसे नव्हते, आणि हे समजायला रोमपर्यंत जायची गरज नाही. दिल्ली परिसरात आज तीन परंपरांचे कॅथलिक शेजारी-शेजारी राहतात. लॅटिन परंपरेचे दिल्ली महाधर्मप्रांत आहे. सिरो-मलबार परंपरेचे फरिदाबाद धर्मप्रांत २०१२ साली झाले आणि सिरो-मलंकारा परंपरेचे गुडगाव धर्मप्रांत २०१५ साली. तिघांचा पोप एक, श्रद्धा एक. पण मलंकारा परंपरेत अर्भकाला स्नानसंस्कार, पवित्र तेलाचा अभ्यंग आणि ख्रिस्तप्रसाद एकाच विधीत दिला जातो. बाळाला काय कळते, हा प्रश्न तिथे कोणी विचारत नाही. त्याच शहरातल्या लॅटिन चर्चमध्ये आठ-नऊ वर्षांचे मूल रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाला जाते, प्रार्थना पाठ करते, प्रश्नांची उत्तरे देते, आणि मग त्याचा नंबर लागतो. माझ्या परिचयाची मुलगी मलंकारा कुटुंबात जन्मली असती, तर पाळण्यात असतानाच हा प्रश्न निकाली निघाला असता.

पहिली हजारेक वर्षे लॅटिन चर्चही अर्भकांना ख्रिस्तप्रसाद देत असे. बाराव्या-तेराव्या शतकात ती चाल मागे पडली. १२१५ च्या चौथ्या लॅटरन परिषदेने ‘जाणते वय’ आलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा तरी पापनिवेदन करून ख्रिस्तप्रसाद घ्यावा असा नियम घातला. नियम जाणत्यांसाठी होता. पण जाणत्यांसाठी नियम झाला की अजाण आपोआप बाहेर राहतात. १५६२ मध्ये ट्रेंटच्या परिषदेने सांगितले, की अर्भकांना हा संस्कार घेण्याचे बंधन नाही. जुन्या चालीला दोष मात्र दिला नाही.

बुद्धीने कमी मानल्या गेलेल्या मोठ्या माणसांचे काय, हा प्रश्न तेराव्या शतकात थॉमस अक्वायनसने थेट हाताळला. त्याने दोन गट पाडले. ज्यांची बुद्धी दुबळी आहे, पण थोडीफार भक्ती ज्यांना साधते, त्यांना नाकारू नये. जन्मापासून ज्यांना बुद्धीचा वापर कधी आलाच नाही, त्यांना देऊ नये, कारण त्यांच्यात या संस्काराविषयीची भक्ती कधी उपजलीच नाही. अक्वायनसला कठोर म्हणणे सोपे आहे. मला वाटते, त्याचा पहिला गट आजच्या कित्येक धर्मग्रामांपेक्षा उदार आहे. अडचण दुसऱ्या गटाची आहे. भक्ती उपजली की नाही, हे बाहेरून कोणी ठरवायचे?

त्याच्या आठशे वर्षे आधी ऑगस्टिनने एका माणसाची हकिकत नोंदवून ठेवली आहे. लोक ज्याला खुळा म्हणत असा तो माणूस स्वतःची कितीही टवाळी झाली तरी मुकाट सोसायचा. पण कोणी ख्रिस्ताच्या नावाला बोल लावला की दगड उचलून मारायला धावायचा, मग समोर मालक का असेना. ऑगस्टिन हे देवाच्या अनाकलनीय कृपेचे उदाहरण म्हणून सांगतो. मला त्यात दुसरेच दिसते. धर्मशिक्षणाच्या परीक्षेत हा माणूस नापास झाला असता, आणि तरी ख्रिस्त कोण हे त्याला कळत नव्हते असे म्हणायची कोणाची छाती झाली नसती. (दगड मारण्याचे समर्थन नाही.)

विसावे शतक उजाडले तेव्हा पुष्कळ ठिकाणी मुलांना बारा-चौदा वर्षांपर्यंत थांबवले जाई. ८ ऑगस्ट १९१० रोजी दहावे पायस यांच्या कारकिर्दीत आज्ञापत्र निघाले: साधारण सातव्या वर्षी मूल जाणते होते, त्याने आपल्या कुवतीप्रमाणे श्रद्धेची मुख्य तत्त्वे जाणावीत आणि ख्रिस्तप्रसादाची भाकर व साधी भाकर यांतला फरक ओळखावा, एवढे पुरे. मुलांसाठी दार उघडले. पण दाराची उंची आता ठरून गेली: भाकरीतला फरक ओळखणे. १९१७ च्या धर्मविधी संहितेने बुद्धीचा वापर कायमचा नसलेल्यांना वय काहीही असले तरी अर्भकांच्या बरोबरीने धरले. १९८३ च्या संहितेतही ते कलम आहे. त्याच संहितेचे कलम ९१२ मात्र म्हणते, की कायद्याने मनाई नसलेल्या प्रत्येक स्नानसंस्कारित व्यक्तीला ख्रिस्तप्रसाद देता येतो, आणि दिलाच पाहिजे. कलम ७७७ बौद्धिक व शारीरिक अक्षमता असलेल्यांच्या धर्मशिक्षणाची जबाबदारी धर्मग्रामाच्या धर्मगुरूवर टाकते. एकाच पुस्तकात दोन्ही दारे आहेत. कोणते उघडायचे, ते किल्ली ज्याच्या हाती त्याच्यावर.

इथे एक विसंगती डोळ्यांत भरते. लॅटिन चर्चमध्येही बाळाचा स्नानसंस्कार होतो, तेव्हा बाळाला काही कळत नाही. आई-वडिलांची आणि धर्ममाता-पित्यांची श्रद्धा त्याच्या नावावर जमा धरली जाते. मग स्नानाला चालणारी उसनी श्रद्धा जेवणाला का चालू नये? सोळावे बेनेडिक्ट यांनी २००७ मध्ये ख्रिस्तप्रसादावरच्या आपल्या पत्रात नेमके हेच उत्तर दिले: बौद्धिक अक्षमता असलेल्यांना शक्य तिथे ख्रिस्तप्रसाद द्यावा, ते तो आपल्या कुटुंबाच्या किंवा सोबत करणाऱ्या समाजाच्या श्रद्धेतही स्वीकारतात. ते परंपरेचे कडवे राखणदार म्हणून ओळखले जात, आणि हे लिहिताना त्यांनी परंपरेचाच आधार घेतला. २०१६ च्या जूनमध्ये पोप फ्रान्सिस यांनी दहाव्या पायसच्या निर्णयाची आठवण काढली. तेव्हाही लोक बिथरले होते, मुलाला काय कळते म्हणून. २०२० च्या धर्मशिक्षण निर्देशिकेने तर अशा व्यक्तींना संस्कार नाकारता येणार नाहीत असे स्पष्टच लिहिले.

कागद असा हळूहळू बदलत होता. भारतात कॅथलिक चर्चचे या माणसांशी नाते वेगळ्याच वाटेने जुळले: सेवेच्या. गुडगावचा दीपाश्रम मिशनरीज ऑफ चॅरिटीचे ब्रदर्स चालवतात; दिल्लीत जंगपुऱ्याला सिस्टर्सचे जीवनज्योती आहे. मुंबईत सोफिया कॉलेजच्या आवारात १९७३ पासून साधना शाळा चालते. या संस्थांत येणाऱ्या मुलांना धर्म विचारला जात नाही. मुंबईत शिवडीची जय वकील शाळा एका पारशी दांपत्याने आपल्या मुलीसाठी १९४४ मध्ये सुरू केली, म्हणजे ही काही चर्चची मक्तेदारी नव्हे. पण देशभर अशा संस्था उभारण्यात सिस्टर-ब्रदरांचा वाटा मोठा आहे, हे कोणी नाकारणार नाही.

तरीही सेवा आणि सहभाग या दोन गोष्टी आहेत. सेवेत एक देणारा आणि एक घेणारा असतो. नाताळच्या आधी धर्मग्रामातली मंडळी अशा आश्रमात केक, ब्लँकेटे घेऊन जातात, गाणी म्हणतात, परततात. त्याच धर्मग्रामातल्या चौथ्या बाकावरच्या कुटुंबाला मात्र आपला मुलगा मधेच मोठ्याने ओरडला तर सगळ्या माना वळतात म्हणून शेवटच्या बाकावर सरकावे लागते. पुढे ते कुटुंब घरीच टीव्हीवर मिस्सा पाहू लागते.

ही दरी बुजवण्याचा पहिला मोठा प्रयत्न फ्रान्समध्ये झाला. एका दांपत्याला आपल्या दोन अक्षम मुलांना घेऊन लूर्दच्या यात्रेला जायचे होते. धर्मप्रांताच्या यात्रेत त्यांना जागा मिळाली नाही. ते एकटेच गेले, तर हॉटेलने जेवण खोलीतच घ्यायला सांगितले, इतर पाहुण्यांना त्रास नको म्हणून. यातून १९७१ च्या ईस्टरला पंधरा देशांतून १२,००० माणसे लूर्दला जमली. त्यांतली ४,००० स्वतः बौद्धिक अक्षमता असलेली होती. यात्रा संपली, गट मात्र टिकले. महिन्यातून एकदा आई-वडील, मुले आणि मित्र एकत्र जमून जेवतात, प्रार्थना करतात. पुढे भारतातही असे गट निघाले. मेरी-एलेन मातियू आणि जाँ व्हानिए यांनी ही चळवळ उभी केली.

व्हानिएने त्याआधी १९६४ मध्ये फ्रान्समधल्या त्रोस्ली-ब्रय या खेड्यात दोन अक्षम पुरुषांसह एकत्र राहायला सुरुवात केली होती. त्यातून ‘लार्श’ या समुदायांची साखळी तयार झाली. तिचे भारतातले पहिले घर १९७० साली बंगळूरला निघाले, नाव ‘आशा निकेतन’. फ्रान्समधले मूळ घर कॅथलिक होते. बंगळूरला घरात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती एकत्र राहू लागले, तेव्हा प्रार्थनेचे काय करायचे हा प्रश्न पहिल्याच संध्याकाळी उभा राहिला असणार. उत्तर असे निघाले, की सगळ्यांनी एकत्र बसायचे आणि सगळ्यांच्या प्रार्थना म्हणायच्या. ‘श्रद्धावान समुदायात सामावून घेणे’ याचा अर्थ या घराने उलटा करून दाखवला. तिथे अक्षम माणूस कोणाच्या समुदायात पाहुणा म्हणून येत नाही. त्याच्याभोवतीच समुदाय जमतो.

पण ही गोष्ट इथेच थांबवली तर ती खोटी होईल. व्हानिए २०१९ मध्ये वारले. २०२० मध्ये लार्शनेच नेमलेल्या चौकशीत निष्पन्न झाले, की त्यांनी आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या नावाखाली स्त्रियांचे लैंगिक शोषण केले होते. २०२३ च्या सविस्तर अहवालात ही संख्या किमान पंचवीसवर गेली. त्या स्त्रिया बौद्धिक अक्षमता असलेल्या नव्हत्या. तरी दुबळ्यांच्या बाजूने उभा राहणारा संत म्हणून ज्याच्याकडे जग पाहत होते, त्याच्यासाठी ही सूट नव्हे. लार्शने अहवाल स्वतःहून प्रसिद्ध केला, हे नोंदवायला हवे. घरे चालू आहेत.

सरकारी कायद्याची वाटचालही फार निराळी नाही. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने अठरा वर्षांवरच्या अक्षम व्यक्तीसाठी पालक नेमण्याची सोय केली. म्हणजे तिच्या वतीने समजणारा कोणीतरी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने ‘मर्यादित पालकत्व’ आणले: पालक आणि व्यक्ती यांनी मिळून निर्णय घ्यायचा. कागदोपत्री ‘मतिमंद’ जाऊन ‘बौद्धिक अक्षमता’ आली. २०११ च्या जनगणनेत या सदरात सुमारे १५ लाख माणसे मोजली गेली होती. लाजेपोटी घरात लपवलेली माणसे त्या आकड्यात किती आली असतील, याचा अंदाज वाचकानेच करावा.

त्या धर्मगुरूंची पुढे बदली झाली. कॅथलिक धर्मग्रामात दर काही वर्षांनी होतेच. नवे आले ते कर्नाटकातले, वयाने तरुण. त्यांनी मुलीच्या घरी दोन-तीनदा जाऊन तिच्याबरोबर जेवण केले. एकदा पोळी हातात घेऊन विचारले, “हे काय?” ती म्हणाली, “पोळी.” मग बरोबर आणलेली, मिस्सात वापरतात तशी पांढरी चकती दाखवली. “आणि हे?” ती म्हणाली, “रविवार.”

पुढच्या रविवारी ती रांगेत उभी राहिली. झगा ताईचा होता, बाह्या थोड्या लांब. वडिलांनी कलम ९१२ मोबाइलमध्ये साठवून ठेवले होते. ते दाखवायची वेळ आली नाही. पण त्यांनी ते अजून पुसलेले नाही. हेही धर्मगुरू दोन वर्षांनी बदलतील.