पिंपाचा कुबट वास

लोणचं घालायच्या आदल्या दिवशी आपण बरणीत आधी नाक घालतो, मग हात. बरणी धुतलेली असते, कोरडी दिसते, पण झाकण काढल्यावर कुबट वास आला तर तिच्यात कैरीच्या फोडी टाकायला कुणी धजत नाही. मग ती पुन्हा कढत पाण्यानं धुवायची, उन्हात ठेवायची, निखाऱ्यावर हिंग टाकून तिला धुरी द्यायची. हे सगळं का करायचं ते आपल्याला कुणी पुस्तकातून शिकवलेलं नाही. सासूनं केलं, आईनं केलं, म्हणून आपण करतो.

आज आम्ही अशाच नाकाची गोष्ट सांगणार आहोत, पण ती लोणच्याची नाही, बिअरच्या पिंपाची आहे. आपल्या ऐकणाऱ्यांत आडव्या बाटलीला मत दिलेल्या पुष्कळ जणी आहेत, त्यांच्या भुवया वर गेल्या असतील. आपल्याकडे परवान्याशिवाय घरी दारू करणं गुन्हा आहे, आणि आम्ही काही कृती सांगायला बसलेल्या नाही. पण इंग्लंडमध्ये काही शतकं हे काम घरोघरच्या बायकांचं होतं. त्यांच्या हातून ते कसं गेलं आणि त्यांचं शहाणपण कुठे राहिलं, हा इतिहास आपल्याही कामाचा आहे.

तेराव्या-चौदाव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये ‘एल’ हे रोजच्या जेवणातलं पेय होतं. सातूला मोड आणायचे, ते वाळवायचे, भरडायचे, गरम पाण्यात भिजवायचे आणि ते पाणी आंबवायचं. चार-सहा दिवसांत ते आंबट होऊन जाई, म्हणून थोडं थोडं आणि पुन्हा पुन्हा करावं लागे. घरात उरलेलं शेजाऱ्यांना विकायचं. जुडिथ बेनेट या इतिहासकार बाईंनी गावोगावच्या न्यायदप्तरांतून या बायकांची नावं शोधून काढली आणि १९९६ साली त्यांच्यावर एक मोठं पुस्तक लिहिलं. ब्रिगस्टॉक नावाच्या एकाच गावात, प्लेगच्या साथीआधीच्या काळात, तीनशेहून जास्त बायकांनी एल विकल्याची नोंद त्यांना सापडली.

ही नावं दप्तरात का आली? कारण दंड. एलचा भाव, माप आणि दर्जा कसा असावा याचा कायदाच तेराव्या शतकात झाला होता. गावात चव घेणारे अधिकारी नेमलेले असत. चव बिघडली, माप कमी भरलं, की बाईचं नाव दप्तरात चढलं आणि दोन-चार पेनी गेले. दंड इतका नेमाने व्हायचा की तो जणू धंद्याचा परवानाच झाला होता. आमच्या मते या इतिहासातली सगळ्यात मोठी गंमत हीच आहे. दंड झाला नसता तर या बायकांचं नावसुद्धा आपल्याला कळलं नसतं.

दंडापाठोपाठ बदनामी आली. आठव्या हेन्री राजाला लहानपणी शिकवणारा जॉन स्केल्टन हा कवी. त्यानं सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला एलिनॉर रमिंग या एलवालीवर एक लांबलचक टवाळीचं काव्य लिहिलं. तिच्या पातेल्यावर कोंबड्या बसतात, त्यांची घाण आत पडते, असलं वर्णन त्यात आहे. लोक खदखदून हसले असतील. पण पुढे लेदरहेड गावच्या दप्तरात जवळपास त्याच नावाच्या बाईला १५२५ साली दंड झाल्याची नोंद सापडली, आणि तो दंड जादा भाव आणि लहान माप यासाठी होता. घाणीचा तिथे उल्लेख नाही. घाणेरडेपणाचा डाग तिला कवीनं लावला, तपासनिसानं नव्हे. (एल करणाऱ्या बायकांना चेटकिणी ठरवून जाळलं, त्यांच्या टोकदार टोप्यांवरून चेटकिणीचं चित्र आलं, अशी एक गोष्ट हल्ली फार फिरते. ऐकायला चटकदार आहे, पण तिला पुरावा नाही, म्हणून आम्ही ती सांगत नाही.)

खरं कारण जास्त साधं आणि जास्त कडू आहे. १४००च्या सुमाराला समुद्रापलीकडून हॉप्स घातलेली बिअर इंग्लंडात आली. हॉप्स ही एका वेलीची कडवट फुलं. ती घातली की पेय महिनोन्‌महिने टिकतं, लांब पाठवता येतं, सैन्याला आणि जहाजांना विकता येतं. पण त्याला मोठी पातेली, पुष्कळ पिंपं, पुष्कळ सरपण आणि उधारीवर भांडवल लागतं. उधार मिळायची ती पुरुषांना. १६००पर्यंत विक्रीचा धंदा बहुतेक पुरुषांकडे गेला होता.

घरापुरतं करण्याचं काम मात्र बायकांकडेच उरलं. जर्व्हेस मार्कम यानं १६१५ साली ‘इंग्लिश हाउसवाइफ’ नावाचं पुस्तक काढलं. त्यात सातूला मोड आणणं आणि बिअर करणं ही गृहिणीचीच कामं म्हणून सांगितली आहेत. आणि करणं म्हणजे निम्मं काम धुण्याचं, हे तुम्हाला सांगायला नकोच.

आता पिंपाकडे येऊ. लाकडी पिंप म्हणजे वाकवलेल्या फळ्या आणि त्यांवर आवळलेली कडी. लाकूड पेय पितं. पिंप रिकामं झालं की तळाशी गाळ राहतो, फळ्यांच्या फटींत ओल राहते, आत हवा खेळत नाही. महिनाभर तसंच बूच लावून ठेवलं की आत बुरशी धरते आणि वास लाकडात मुरतो. वरून घासून तो जात नाही, कारण तो वर नसतोच. आणि एका पिंपाच्या वासानं महिन्याभराची सगळी मेहनत मोरीत जायची.

हा वास घालवायच्या रीती १७३४च्या सुमाराला एका पुस्तकात छापून आल्या. पुस्तक निनावी होतं, पण ते विल्यम एलिस या शेतकऱ्याच्या नावावर सांगितलं जातं. त्यातली रीत अशी. आधी थंड पाण्यानं गाळ खळबळून काढायचा. मग कढत पाणी ओतून लांब दांड्याच्या बर्चच्या झाडूनं तळ घासायचा. पाण्यात वाळू किंवा राख घालायची. (आपण अजून कालपरवापर्यंत राखेनंच भांडी घासत होतो.) मोठ्या कारखान्यांत पिंप रात्रभर उकळत्या पातेल्याच्या तोंडावर पालथं घालत, म्हणजे वाफ लाकडात शिरे. पण लेखक बजावतो की कडी नुकतीच नव्यानं आवळलेली नसतील तर पिंप निखळून पडेल. दुसरा उपाय, पिंपात दोनेक लीटर कळीचा चुना टाकायचा, वर पाणी ओतून ताबडतोब बूच लावायचं आणि जोरात हलवायचं. तिसरा गंधकाचा. वितळलेल्या गंधकात कापडाची पट्टी बुडवायची, टोकाला पेटवायची आणि बुचाला बांधून आत लोंबती सोडायची.

त्याच्याही पुढचा एक थाटाचा प्रकार त्यानं दिला आहे. ४ औंस गंधक, १ औंस भाजलेली तुरटी आणि २ औंस ब्रँडी मातीच्या भांड्यात निखाऱ्यावर वितळवायची. त्यात नवं जाड कापड बुडवायचं आणि लगेच त्यावर पूड भुरभुरायची. कसली पूड? जायफळ, लवंग, धणे आणि बडीशेपेसारखं अ‍ॅनिस. इंग्रजांच्या पिंपाला आपल्या मसाल्याच्या डब्याची धुरी! गंधकाचा धूर बुरशी मारतो हे खरंच आहे. पण तो छातीलाही तितकाच वाईट, तेव्हा कुणी घरात करून बघू नका.

नॉर्वेच्या शेतघरांतली रीत आम्हाला जास्त आवडली. तिथे जुनिपर नावाच्या सुवासिक, काटेरी झुडपाच्या फांद्या पाण्यात उकळत. त्या कढत काढ्यानं सगळी लाकडी भांडी धुत, आणि त्याच फांद्या गाळणी म्हणून भांड्याच्या तळाशी अंथरत. काही शेतांवर हे आजही चालतं.

१८७६ साली लुई पाश्चरचं बिअरवरचं पुस्तक आलं आणि पेय बिघडवणारे जीव सूक्ष्मदर्शकाखाली दिसले. आंबट का झालं, याचं उत्तर मिळालं. कुबट वासाचं पूर्ण उत्तर मिळायला मात्र आणखी शंभर वर्षं लागली, आणि मधल्या काळात एक उलटीच गोष्ट घडली.

१७९९ साली ग्लासगोच्या चार्ल्स टेनंटनं चुन्यावर क्लोरीन वायू सोडून ब्लीचिंग पावडर बनवण्याचं पेटंट घेतलं. ग्रामपंचायत आपल्या विहिरीत टाकते ती टीसीएल, तीच ही. जंतू मारायला ती उत्तम. मग लाकडी पिंपं, पाट्या, फरशा, सगळं क्लोरीननं धुवायची पद्धत पडली. तरी काही पिंपांचा वास जाईना, उलट वाढे. १९८२ साली स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी वाइनच्या बुचातला कुबट वास तपासला आणि त्यामागचा पदार्थ ओळखला. त्याचं नाव ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल. लाकडातल्या काही द्रव्यांशी क्लोरीनचा संयोग होतो, मग ओलीतली बुरशी त्याचं रूप बदलते आणि हा पदार्थ तयार होतो. एक लीटरमध्ये ग्रॅमचे काही अब्जांश एवढा असला तरी माणसाचं नाक त्याला पकडतं. म्हणजे वास घालवायला आणलेलं औषधच बुरशीच्या हाती सामान देत होतं.

वाफ, राख, चुना, गंधक, जुनिपर, ऊन. जुन्या यादीत क्लोरीन कुठेच नाही. त्या बायकांना रसायनशास्त्र माहीत होतं असं आम्ही म्हणणार नाही, क्लोरीन त्यांच्या काळी नव्हताच. पण भांडं आतून कोरडं झाल्याशिवाय त्याला झाकण लावायचं नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

पुढची हकिगत थोडक्यात. इंग्लंडमध्ये १८८० साली घरी बिअर करायलाही परवाना लागू झाला. तो १९६३ साली उठला. अमेरिकेत १९७८ साली राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी घरगुती बिअरला मोकळीक देणाऱ्या कायद्यावर सही केली. मग हा छंद पुन्हा सुरू झाला, पण आता प्लॅस्टिकच्या बादल्या आणि नळ्या घेऊन. प्लॅस्टिकही वास धरून ठेवतं. चरा पडलेली बादली आणि कुबट झालेली नळी धुण्यात वेळ घालवण्यापेक्षा टाकून देणं बरं, असं जाणकार सांगतात. लाकडी पिंप वापरणाऱ्यांना तर क्लोरीनच्या जवळही जाऊ नका म्हणून बजावलं जातं.

आपल्या घरात बिअरचं पिंप नाही, पण लाकडी रवी आहे, काथवट आहे, पोळपाट आहे. पावसाळ्यात त्यांना वास आला तर टीसीएलच्या किंवा ब्लीचच्या पाण्यात बुडवू नका. कढत पाण्यात धुण्याचा सोडा विरघळवून घासा, साध्या पाण्यानं दोनदा धुवा, आणि भिंतीला टेकवून न ठेवता दोन्ही बाजूंनी वारा लागेल असं उन्हात ठेवा. वरून कोरडं दिसलं तरी आणखी एक दिवस राहू द्या. आणि आत ठेवण्याआधी हुंगून बघा.