‘झिरो’च्या बल्बची कुळकथा

देवघरात रात्रभर मिणमिणणाऱ्या लहान दिव्याला पारोळ्याच्या बाजारपेठेतच नव्हे, तर सबंध महाराष्ट्रात ‘झिरोचा बल्ब’ म्हणतात. वस्तुतः टंगस्टनची तार तापवून उजळणारा हा दिवा 15 वॉटच्या आसपास वीज घेत असे आणि रोज दहा तास लावल्यास वर्षाकाठी सुमारे 55 युनिट खर्ची पाडत असे. मग हे शून्य आले कोठून?

जुन्या मीटरची चकती एवढ्याशा प्रवाहाने फिरत नसे, म्हणून ‘झिरो’, अशी सर्वत्र समजूत आहे. परंतु 5 अँपिअरच्या सुस्थितीतील घरगुती मीटरची चकती त्याच्या अर्ध्या टक्क्याला, म्हणजे 25 मिलिअँपिअरला, फिरू लागणे अपेक्षित असे आणि 15 वॉटचा बल्ब 230 व्होल्टवर 65 मिलिअँपिअर ओढतो. त्यामुळे ही उपपत्ती झिजलेल्या मीटरपुरतीच टिकते. भाषेतील पुरावा अधिक बळकट आहे. गिऱ्हाईक ‘साठचा’, ‘शंभरचा’ असे आकड्यांनीच बल्ब मागत असे, आणि या शिडीची सर्वांत खालची पायरी ती ‘झिरोचा’. सुताराचा ‘झिरो पेपर’ही दाणे नसलेला नसतो, तर अगदी बारीक दाण्यांचा असतो. म्हणजे येथे झिरो हा अभाव नसून सर्वांत सौम्य प्रत आहे. मीटरची कथा नावाला मागाहून चिकटली असावी.

पुढे या तारेच्या दिव्याची जागा एलईडीने घेतली. संशोधक निक होलोन्याक यांचा लाल एलईडी 1962चा. ज्या निळ्या एलईडीतून पांढरा प्रकाश साधला, त्याला 2014चे नोबेल मिळाले. तारेची जागा घेणे मात्र सोपे नव्हते. तार तापली की तिचा रोध वाढतो आणि ती प्रवाहाला आपोआप आवर घालते. एलईडीत उलट किंचित विद्युतदाब वाढताच प्रवाह झपाट्याने चढतो. म्हणून प्रत्येकी सुमारे 3 व्होल्टचे पांढरे एलईडी एकापाठोपाठ एक जोडून माळ करतात आणि उरलेला दाब पेलण्यासाठी कपॅसिटर किंवा ‘ड्रायव्हर’, म्हणजे प्रवाह नेमका राखणारे मंडल, बसवतात. माळेतला एक एलईडी तुटला की सारी माळ विझते. कारागीर बल्ब उघडून काळा ठिपका पडलेला एलईडी हेरतो, त्याची दोन टोके डागाने जोडतो आणि उरलेली माळ पुन्हा उजळते.

जुन्याच पिन होल्डरमध्ये बसणारा अर्ध्या वॉटचा एलईडी-झिरो उण्यापुऱ्या 2 मिलिअँपिअरइतकीच वीज खर्चतो. घरातले बाकी सारे बंद असताना तो एकटा जळत राहिला, तर चकतीचे सुस्थितीतील मीटरही जागचे हलणार नाही. तारेच्या दिव्याला जी कीर्ती फुकट मिळाली, ती त्याच्या वारसाने खरी करून दाखवली.