बुंददाण्याची डोंगरयात्रा

बाजव्याचा रेल्वे फलाट असो वा बडोद्याची बाजारपेठ, सकाळची पहिली आरोळी चहाचीच असते. कॉफी मराठी घरांत अजून पाहुणीच. जायफळ लावून, दुधात उकळून, निमित्तापुरती पुढे येणारी. इतिहास पाहिला तर क्रम उलटा आहे. आसामातील चहाचे मळे 19व्या शतकातले; कॉफी त्यापूर्वीच म्हैसूरच्या डोंगरात रुजली होती आणि जुन्या मराठीत तिच्या दाण्याला ‘बुंद’ हे नावही होते.

परंपरा अशी की, 17व्या शतकात बाबा बुडन हे सुफी साधू हजहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरावर त्यांनी त्या पेरल्या. उगवेल असे बी अरब व्यापारी देशाबाहेर जाऊ देत नसत. सात हा आकडा कथेकऱ्यांच्या आवडीचा असल्याने तेवढा भाग सोडून द्यावा. डोंगराला मात्र बाबा बुडनगिरी हे नाव कायमचे मिळाले. पुढे इंग्रज मळेवाले आले. 1869 साली श्रीलंकेत तांबेरा रोग प्रकटला, तेथील कॉफी बुडाली आणि तिच्या जागी चहा लागला. भारतातील बागांनाही त्याची झळ लागली, पण येथे कॉफी टिकली.

आज देशातील सुमारे 70 टक्के कॉफी लहान बागायतदार पिकवतात. त्यांचे काम मोठ्या निगुतीचे. मार्च-एप्रिलमध्ये एक सर वेळेवर आली तरच झाड पांढऱ्या, सुवासिक फुलांनी डवरते. ती हुकली की वर्ष हुकले. फळे एकाच वेळी पिकत नाहीत, म्हणून लाल तेवढीच वेचण्यासाठी त्याच झाडाकडे पुनःपुन्हा जावे लागते. वेचलेली फळे त्याच दिवशी सोलावी लागतात. दाण्यावरचा बुळबुळीत थर सुटण्यासाठी ते दीड-एक दिवस आंबवून धुतात आणि मग उन्हात सतत चाळवत वाळवतात. मातीवर पसरले तर मातीचा वास दाण्यात शिरतो. पाच-सहा किलो फळांतून जेमतेम किलोभर दाणा हाती येतो.

एवढे करूनही त्या कष्टाची ओळख फार काळ कोणास नव्हती. महायुद्धाने युरोपची बाजारपेठ बंद पडली, तेव्हा 1942च्या कायद्याने सगळे पीक कॉफी मंडळाच्या सामाईक साठ्यात जाऊ लागले. बुडणाऱ्या शेतकऱ्याला त्याने तारले, हे नाकारता येत नाही. प्रतवारीही होई, परंतु अमुक वाडीची कॉफी म्हणून ती कोणी ओळखत नसे आणि पैसे हप्त्याहप्त्याने मिळत. 1996 पासून सर्वांना आपला माल आपण विकण्याची मुभा मिळाली. तिच्याबरोबर जागतिक भावाचे चढउतारही दारात आले.

या मुभेचे खरे फळ पूर्व घाटातील अराकू खोऱ्यात दिसते. तेथे एक-दोन एकरांचे आदिवासी शेतकरी सिल्व्हर ओकच्या सावलीत कॉफी लावतात आणि त्याच खोडांवर मिरीचे वेल चढवतात. घरोघर वाळवण्याऐवजी गावोगावची ताजी फळे एकत्र धुण्याची सोय झाली आणि चव सुधारली. 2017 साली पॅरिसमध्ये अराकूच्या नावाचे दुकान उघडले. 2019 साली या कॉफीला भौगोलिक मानांकनही मिळाले. महाराष्ट्रात असे डोंगरी कॉफीचे ठिकाण एकच, सातपुड्यातील चिखलदरा. पण त्या बुंदाचा पेला अमरावतीकरांपैकी किती जणांनी चाखला असेल?