फराहबाग : पाण्यातला राजवाडा आणि हातचे गेलेले वऱ्हाड

१/ यवतमाळहून निघावे, कारंजाजवळ समृद्धी महामार्गाला लागावे, मेहकर आणि जालना मागे टाकावे आणि छत्रपती संभाजीनगरहून दक्षिणेला वळून अहिल्यानगर, म्हणजे जुने अहमदनगर गाठावे. साडेचारशे वर्षांपूर्वी निजामशाही फौज याच्या उलट दिशेने वऱ्हाडात उतरली होती. तिने वऱ्हाड जिंकले, आणि त्यानंतर काही वर्षांतच विजेत्या सुलतानासाठी नगरजवळ तलावाच्या मधोमध एक राजवाडा उभा राहिला. त्याचे नाव फराहबाग. त्या राजवाड्याची आणि त्याच्या धन्याची ही कथा. #थ्रेड

२/ प्रथम काळ. बहमनी सत्ता फुटल्यावर दख्खनमध्ये पाच सलतनती उदयास आल्या. त्यांपैकी अहमदनगरची निजामशाही आणि वऱ्हाडची इमादशाही शेजारी होत्या. आजच्या यवतमाळ जिल्ह्याचा बराचसा मुलूख वऱ्हाडात मोडत असे. १५६५ साली विजयनगरचा पराभव झाला. त्या युद्धात लढलेला हुसेन निजामशहा त्याच वर्षी वारला आणि त्याचा अल्पवयीन मुलगा मुर्तजा गादीवर आला. प्रसिद्ध चांदबीबी ही या मुर्तजाची बहीण.

३/ प्रारंभी कारभार मुर्तजाची आई खुंजा हुमायूनच्या हाती होता. तिला दूर सारून मुर्तजाने सत्ता घेतली आणि चंगीज खान या कर्तबगार सरदाराला वजीर नेमले. तेव्हा वऱ्हाडात तुफाल खानाने आपल्याच धन्याला, बुऱ्हाण इमादशहाला, नरनाळ्यावर कैदेत टाकले होते. त्याचे निमित्त करून निजामशाही फौजा वऱ्हाडात शिरल्या. नरनाळा आणि गाविलगड पडले, आणि १५७४ साली इमादशाही संपली. मात्र ज्याच्या सुटकेसाठी मोहीम निघाल्याचे सांगितले गेले, त्या बुऱ्हाणाची कैद सुटली नाही.

४/ हा निजामशाहीच्या विस्ताराचा कळस होता. उतरणही तेथूनच सुरू झाली. फरिश्ता हा इतिहासकार सांगतो की सुलतानाचा लाडका साहिब खान याने चंगीज खानाविरुद्ध त्याचे कान भरले : वजीर वऱ्हाडात स्वतःचे राज्य मांडू पाहतो आहे. मुर्तजाने वजिराला विष देवविले. पुढे तो निरपराध असल्याचे कळले, तेव्हा पश्चात्तापाने सुलतान राज्यकारभारातून मागे सरला. तो पुन्हा कधी पूर्णपणे परतलाच नाही.

५/ फरिश्त्याच्या शब्दाला येथे वजन आहे. त्याचे बालपण अहमदनगरात गेले होते आणि तरुणपणी तो याच दरबारात चाकरीला होता. तरीही एक सावधगिरी हवी : त्याने आपला ग्रंथ पुढे विजापूरच्या आदिलशाही आश्रयाखाली लिहिला. प्रतिस्पर्धी दरबारात बसून सांगितलेल्या वेडाच्या कथा जपूनच वाचाव्या लागतात.

६/ आता राजवाडा. फराहबागेचे काम १५७६ च्या सुमारास नियामत खानाच्या देखरेखीखाली सुरू झाले. इमारत उभी राहिली, पण ती सुलतानाच्या पसंतीस उतरली नाही. ती पाडून नव्याने बांधण्याचा हुकूम झाला. १५८३ साली सलाबत खानाने हे दुसरे बांधकाम पूर्णत्वास नेले. एकच राजवाडा दोनदा बांधण्याचा खर्च राज्याने उचलला.

७/ शहराच्या आग्नेयेस ही वास्तू आजही उभी आहे. मोठ्या कृत्रिम तलावाच्या मध्यभागी जोते. त्यावर अष्टकोनी विधानाची दुमजली इमारत. आत उंच घुमटाखाली मध्यवर्ती दालन. चहूबाजूंनी भव्य कमानी. बांधकाम दगडाचे, वर चुन्याचा गिलावा. नगरच्या उन्हाळ्यात पाण्यावरून येणारा वारा या कमानींतून थेट मधल्या दालनात खेळावा, अशी ही योजना.

८/ ताजमहालाची कल्पना शहाजहानला फराहबाग पाहून सुचली, असे नगरमध्ये अभिमानाने सांगितले जाते. मात्र अष्टकोनी आखणी, मध्यवर्ती दालन आणि भोवतीची बाग ही परंपरा तैमुरी काळातील समरकंद-हेरातपर्यंत मागे जाते. दिल्लीची हुमायूनची कबर ताजच्या कितीतरी आधीची. जलाशयाच्या मधोमध इमारत उभारण्याचा प्रघातही जुना : सासारामला शेरशहाची कबर १५४५ पासून तलावातच उभी आहे. उदयपूरच्या पिचोला तलावातील जगनिवास मात्र अठराव्या शतकातला, म्हणजे फराहबागेहून सुमारे दीडशे वर्षांनी धाकटा.

९/ हे पाणी येई कोठून? नगर हा अवर्षणप्रवण मुलूख. निजामशाहीच्या कारागिरांनी शहराभोवतालच्या कापूरवाडी, शेंडी अशा गावांचे पाणी खापरी नळांतून शहरात आणि बागांत खेळवले होते. नगरच्या पूर्वेला असलेल्या भातोडीच्या तलावाशीही सलाबत खानाचेच नाव जोडले जाते. भातोडी हे नाव लक्षात ठेवावे. कथेच्या शेवटी ते पुन्हा येणार आहे.

१०/ पाण्याने वेढलेला वाडा थंडाव्यासाठी जितका सोयीचा, तितकाच एकांतासाठी. ज्याला माणसांची भेट नको, त्याला याहून चांगली जागा ती कोणती? मुर्तजाच्या अखेरच्या दशकात राज्य प्रत्यक्षात वजीर चालवत. सुलतानापर्यंत मजकूर पोहोचे तो मोजक्या माणसांमार्फत. लोक त्याला ‘दिवाणा’ म्हणू लागले. एकदा आपण बक्षीस दिलेली रत्ने सलाबत खानाने बदलून खोटी दिल्याचे कळताच त्याने खजिन्यातील जवाहीर आगीत टाकले, अशी कथा फरिश्त्याने नोंदवली आहे.

११/ राजा दिसेनासा झाला, की सरहद्दीवरच्या सरदारांना ते प्रथम जाणवते. फराहबाग पूर्ण झाल्याच्या दुसऱ्याच वर्षी, १५८४ साली, वऱ्हाडचा सुभेदार सय्यद मुर्तजा सब्जवारी हा सलाबत खानाविरुद्ध फौज घेऊन थेट राजधानीवर चालून आला. नगरजवळ त्याचा पराभव झाला. तो पळाला तो अकबराच्या आश्रयाला.

१२/ दख्खनच्या इतिहासातील ही लहानशी वाटणारी, पण निर्णायक घटना होय. वऱ्हाडची वाट, तेथील किल्ले आणि सरदारांचे हेवेदावे जाणणारी माणसे आता मोगलांच्या पदरी होती. १५८६ साली अकबराचा सरदार अजीज कोका वऱ्हाडात घुसला आणि एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, लुटले गेले. त्या वेळी मोगल टिकले नाहीत; पण वाट मात्र पडली.

१३/ पुढे सुलतानाची सलाबत खानावरही गैरमर्जी झाली आणि त्याला कैदेची आज्ञा झाली. सैन्य हाताशी असताना या वजिराने प्रतिकार केला नाही. स्वतःहून बेड्या घालून घेतल्या आणि किल्ल्याची वाट धरली, असे फरिश्ता लिहितो. नगरजवळच्या डोंगरावरील ज्या तीन मजली अष्टकोनी इमारतीला लोक ‘चांदबीबीचा महाल’ म्हणतात, ती वस्तुतः याच सलाबत खानाची कबर आहे.

१४/ वजीर गेला आणि सुलतानाचे शेवटचे कवच गेले. १५८८ साली त्याचाच मुलगा मीरान हुसेन याने त्याला हमामखान्यात कोंडून, उष्णतेने गुदमरवून ठार केले. फरिश्ता त्या वेळी सुलतानाच्या पहाऱ्यावर होता. मीरानने ओळखल्यामुळेच तो वाचला. वर्षभराच्या आत मीरानचाही खून झाला. नंतरच्या काही वर्षांत गादीवर एकामागून एक वारस बसवले आणि उठवले गेले.

१५/ १५९५ च्या अखेरीस शाहजादा मुरादच्या फौजेने अहमदनगरला वेढा घातला. चांदबीबीने किल्ला लढवला आणि वाचवला. पण १५९६ च्या तहात मोबदला द्यावा लागला. तो मोबदला म्हणजे वऱ्हाड. भावाने १५७४ मध्ये मिळवलेला प्रांत बहिणीला अवघ्या २२ वर्षांत सोडावा लागला. ‘ऐन-इ-अकबरी’मधील वऱ्हाड सुभ्याच्या यादीत कळंब ही एक सरकार आहे, तेच आजचे यवतमाळ जिल्ह्यातील कळंब. १६०० साली नगरचा किल्लाही पडला.

१६/ कथा येथे संपत नाही. विषप्रयोगाने मारल्या गेलेल्या चंगीज खानाच्या पदरी एक हबशी गुलाम होता. धनी गेल्यावर त्याने बरीच वर्षे निरनिराळ्या चाकऱ्यांत काढली आणि नगर पडल्यावर निजामशाहीची मोडलेली घडी नव्याने बसवली. त्याचे नाव मलिक अंबर. त्याने गादीवर बसवलेल्या नव्या सुलतानाचे नावही मुर्तजाच होते.

१७/ १६२४ साली मोगल आणि आदिलशाही फौजा एकत्र येऊन मलिक अंबरवर चालून गेल्या. त्यांची छावणी पडली भातोडीला. अंबरने तलावाचा बांध फोडला. सारी भूमी चिखलमय झाली, तोफा आणि घोडी रुतली, आणि थोड्या फौजेने मोठ्या फौजेचा पराभव केला. या लढाईत शहाजीराजे निजामशाहीकडून लढले. त्यांचे बंधू शरीफजी येथेच कामी आले.

१८/ फराहबागेच्या तलावात आज पाणी नाही. जोत्याभोवतीच्या कोरड्या खोलगट भागात झुडपे वाढली आहेत, आणि जेथे एके काळी पाणी ओलांडून जावे लागे, तेथे आज पायी जाता येते. मार्गावर असलेली ही वास्तू पाहिल्यावर पुढे भातोडीलाही अवश्य जावे. पाणी अडवण्याची आणि खेळवण्याची विद्या दोन्ही ठिकाणी तीच होती. एका ठिकाणी तिच्या आड राजा लपला, दुसऱ्या ठिकाणी तिच्या बळावर राज्य तगले.

(समाप्त)