धारेश्वर, वारसा आणि रक्ताचा थेंब

धारचे नाव निघाले की वाचकांस भोजराजा आठवतो. आम्हां वकिलांस आठवतो धारेश्वर. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत विधवेच्या वारसाहक्काविषयी ज्याचे मत खोडून काढले तो धारेश्वर म्हणजे हाच भोज, असे विद्वान मानतात. पुढे अठराव्या शतकात पवारांनी धार व देवास येथे गाद्या स्थापिल्या. देवासला तर दोन भावांमुळे एकाच गावात दोन राज्ये नांदली. वारशाचा वाद या मातीस नवा नाही.

परंतु आईबापांकडून येते ते सारेच दप्तरी नोंदले जात नाही. याज्ञवल्क्याने क्लीब, पंगू, अंध इत्यादिकांस वाटा नाकारून केवळ पोटगी दिली. मिताक्षरेने मात्र एक दार उघडे ठेविले : औषधोपचाराने दोष गेला, तर वाटणीनंतरही हक्क मिळावा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने रोग वा व्यंग यांची आडकाठी पुरती काढून टाकली. पण दोष कोणता, हे ठरवायचे कोणी आणि कशावरून?

नेपल्सच्या द क्रेक्यो यांनी १८६५ साली, पुरुष म्हणून वावरलेल्या एका व्यक्तीचे शवविच्छेदन केले, तो आत गर्भाशय निघाले आणि मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथी अतोनात वाढलेल्या. बाह्य लक्षणांवरून दिलेला निवाडा असा फसतो. या आनुवंशिक विकारात बहुधा एक विकर उणे असते. त्यामुळे कॉर्टिसोल पुरेसे बनत नाही, आणि त्याच्या आधीचे द्रव्य, सतरा-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, रक्तात साचते. आईबाप दोघेही निरोगी वाहक असले, तर प्रत्येक अपत्यास चारांत एक इतका धोका. मुलीच्या देहावर खूण दिसू शकते. मुलाच्या बहुधा नाहीच. तीव्र प्रकारात शरीरातील मीठ वाहून जाते आणि पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच मूल दगावते. घरचे म्हणतात, ओकाऱ्या झाल्या.

पूर्वी निदानासाठी दिवसभराची लघवी साठवावी लागे. तान्ह्याच्या बाबतीत हे किती दुर्घट, ते आयांनीच सांगावे. यॅलो व बर्सन यांनी १९६० च्या सुमारास किरणोत्सर्गी मापनाची रीत सिद्ध केली, आणि १९७७ साली न्यूयॉर्कच्या संशोधकांनी टाचेतून काढून टिपकागदावर सुकविलेल्या रक्तात हे द्रव्य मोजून दाखविले. अपुऱ्या दिवसांच्या बालकात आकडा उगाच चढतो, म्हणून फेरतपासणी हवीच. उपचार जन्मभराचा, पण गोळ्यांचा.

गोव्यात २००८ साली नवजातांच्या तपासणीची सरकारी योजना निघाली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने मुंबईसह पाच शहरांत लाखावर बालके तपासली. सुमारे ५,७६२ बालकांमागे एकास हा विकार आढळला. सुकलेला थेंब धार-देवासहून टपालानेही जाऊ शकतो. जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी तो घेतला, तर बारशापूर्वी उत्तर हाती येण्यास अवधी उरतो.